चिखलावर अंथरलेली धावपट्टी

आमच्या मुकुंदवाडीच्या घरामागे जागेचा एक रिकामा तुकडा आहे. तिथे आईला लिंबाची झाडं लावायची होती. आज तिथे लोखंडी पत्रे रचलेले आहेत. साधे पत्रे नव्हेत. हातभर रुंद, माणसापेक्षा लांब, अंगभर गोल भोकं, एका कडेला हुक आणि दुसऱ्या कडेला खाचा. एकाचा हुक दुसऱ्याच्या खाचेत घालून सरकवला की दोघं एकमेकांना धरून बसतात, आणि असे पुष्कळ जोडले की चिखलावर, वाळूवर, नांगरलेल्या रानातसुद्धा विमान उतरू शकतं. निदान माझ्या वडिलांचं तसं म्हणणं आहे.

बाबांनी सगळी नोकरी छावणीच्या बाजूला एका सरकारी भांडारात काढली आणि त्यातली बरीचशी हे पत्रे सांभाळण्यात. कधी घाईघाईनं कुठे धावपट्टी लागलीच तर हाताशी असावेत म्हणून ते ठेवलेले होते. दर उन्हाळ्यात सगळे बाहेर काढायचे, गंज घासायचा, तेलाचा बोळा फिरवायचा आणि पुन्हा रचून ठेवायचे. वेळ कधी आलीच नाही. देशाच्या दृष्टीनं ही चांगलीच गोष्ट होती, पण बाबांना ती मनाला लागली. निवृत्त झाले त्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "एकदा तरी काहीतरी उतरायला पाहिजे होतं त्याच्यावर."

पुढे ते पत्रे जुने झाले म्हणून भंगारात निघाले. बाबा भंगारवाल्याच्या दारात जाऊन बसले आणि एक ट्रकभर पत्रे घरी घेऊन आले. आईला त्या वर्षी सोफा पाहिजे होता.

"लोक रिटायर झाल्यावर काशीला जातात," आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या ह्यांनी लोखंड आणलं."

खरं सांगायचं तर ते लोखंड घरात लवकर रुळलं. आई त्यावर पापड-कुरडया वाळवायला लागली. भोकांमुळे खालूनही वारा लागतो, असं तिनंच शोधून काढलं, पण बाबांना सांगितलं नाही. थंडीत सकाळचं ऊन पत्र्यावर पडलं की ती चपला काढून त्याच्यावर बसायची आणि तापलेला पत्रा गुडघ्यांना किती बरा वाटतो हे तोंडावर दिसू द्यायची नाही. शेजारच्या काकूंनी एक पत्रा मागून नेला आणि दारासमोरच्या नालीवर पूल म्हणून टाकला. पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर रुतला तेव्हा बाबांनी चाकांखाली पत्रे सारले आणि भरलेला टँकर सरसर बाहेर आला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, चला, एकदाचं समाधान झालं असेल.

"टँकर म्हणजे विमान नव्हे," बाबा म्हणाले. "टँकर जमिनीवरच होता. वरून काय आलं?"

मी विमा कचेरीत काम करते आणि दिवसभर लोकांच्या हट्टांना तोंड देते. घरी येऊन पुन्हा हट्टच बघायचा म्हटलं की माझं डोकं फिरतं. बाबांवर मी अनेकदा ओरडले आहे. पत्रे विका, निदान झाका, निदान जेवताना तरी त्यांच्याबद्दल बोलू नका. ते रोज जेवताना विमान कसं उतरतं ते सांगायचे. पोळीचा तुकडा विमान, ताट धावपट्टी आणि आमटी म्हणजे चिखल. आई वाढता वाढता मान खाली घालून भाकरीची परात पुढे सरकवायची.

आणि मग मामाच्या मुलीचं लग्न ठरलं.

मामाचं गाव लासूर स्टेशनच्या पुढे आहे. जमीन काळी. कोरडी असली तर दगड आणि भिजली तर चप्पल पायातून काढून स्वतःकडे ठेवून घेणारी. नवरदेवाच्या काकांना हौस होती, पुतण्या हेलिकॉप्टरनं मांडवात यावा. सगळे परवाने त्यांनीच आणले. मामानं शेताचा एक तुकडा सपाट करून, चोपून तयार ठेवला. लग्नाच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला आणि त्या तुकड्याचं पार लोणी झालं. हेलिकॉप्टरवाल्यांनी फोटो मागवला, बघितला आणि कळवलं की चाकं रुततील, घट्ट जागा असेल तरच येऊ. मामानं दुपारी फोन केला. आईनं उचलला, ऐकलं आणि बाबांच्या हातात दिला.

बाबा बराच वेळ नुसते "व्हय, व्हय" करत होते. फोन ठेवल्यावर आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. ट्रक दुसऱ्या दिवशी येणार होता.

सगळे पत्रे लागणार होते, नालीवरचासुद्धा. बाबा तो उचलायला गेले तर काकू त्याच्यावर उभ्या राहिल्या.

"माझा पूल कामून नेऊ राहिले?" काकू म्हणाल्या.

"हेलिकॉप्टरला लागतोय."

"मंग माझ्या घरी पाव्हणे उडत येतील काय?"

खूप वेळ घासाघीस झाली. शेवटी काकूंनी एका अटीवर सोडला. काकू पत्र्याबरोबर येणार, पत्र्याबरोबर परत जाणार. त्यांनी ओळखू यावा म्हणून त्याच्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावलं आणि ट्रकच्या केबिनमध्ये आईच्या शेजारी जाऊन बसल्या. लग्नाला त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं.

मामाच्या शेतात बाबांचं वय कमी झालं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते चिखलात उभे राहिले आणि मांडववाल्याच्या माणसांना हुकूम सोडू लागले. हुक खाली, खाच वर. आधी सरकव, मग दाब. उलटा नको, उलटा नको म्हणतोय ना. प्रत्येक पत्रा बसल्यावर ते वाकून कान लावायचे. संध्याकाळपर्यंत काळ्या रानात एक मोठं, सपाट, चमकतं लोखंडी अंगण तयार झालं. मधोमध चुन्यानं पांढरा एच काढला. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून माझ्या जुन्या सलवारीचा एक पाय कापून बांबूला बांधला. सलवार पोपटी होती. हे मला न विचारता झालं आणि त्याबद्दल मी बरंच बोलले.

सकाळी मामी रांगोळी घेऊन आली. लग्नाला येणारी गाडी असो, घोडा असो, जे काही यायचं ते रांगोळीवरूनच आलं पाहिजे असं तिचं म्हणणं. बाबा नको नको म्हणेपर्यंत तिनं पत्र्यांच्या सगळ्या कडेनं नक्षी काढली, एचच्या चार टोकांना चार कमळं काढली आणि समोर एक तांब्या ठेवला. बाबांनी तांब्या तेवढा हलवला.

आता आमच्याकडची रीत सांगायला पाहिजे. कार्यात काही अंथरलेलं दिसलं की ते बसायला असतं. सतरंजी असो, ताडपत्री असो, कडेला चपला काढायच्या, बायकांनी एका बाजूला आणि पुरुषांनी एका बाजूला बसायचं. विचारायचं नाही, कारण विचारलं तर यजमानाला वाटतं की पाहुण्यांना आपण उभं ठेवलं. आम्ही सगळे ह्या रीतीत वाढलेलो, तरी आमच्या डोक्यात आलं नाही. इतक्या मोठ्या चिखलात एकच कोरडी, स्वच्छ, रांगोळी काढलेली जागा आम्ही तयार करून ठेवली होती आणि वऱ्हाड चालत येत होतं.

सुरुवात आईनं केली. तिचे गुडघे प्रवासानं धरले होते. ऊन चढलं होतं, पत्रे कोमट झाले होते. तिनं सवयीनं कडेला चपला काढल्या आणि घरी बसते तशी बसली. तिला बसलेलं बघून काकू आपला हळदीकुंकवाचा पत्रा शोधत आल्या आणि त्याच्यावर मांडी घालून बसल्या. दोन वयस्कर बायका बसल्या म्हणजे बैठक सुरू झाली. मी मांडवातून पाणी घेऊन येईपर्यंत बायकांची बाजू भरली होती आणि पुरुषांची भरत होती. चिखलाच्या चपलांची कडेनं एक लांबच लांब रांग लागली होती. बंदोबस्ताला आलेले हवालदारसुद्धा बूट काढून, मोजे बुटांत कोंबून, एचच्या आडव्या दांडीवर बसले होते.

बाबा तेव्हा बांबूपाशी होते, एका हातात शिट्टी, दुसऱ्या हातात लाल फडका. वळून बघितलं तर सगळी सभा त्यांच्याकडे तोंड करून शांत बसलेली. कुणाला वाटलं असेल, सत्काराचं भाषण आहे. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी त्यांना नमस्कार केला.

"उठा," बाबा म्हणाले. "ही बसायची जागा नाय. इथं हेलिकॉप्टर उतरणार हाये."

"उतरू द्या की, पाव्हणं," आजोबा म्हणाले. "आलं की आम्ही सरकू."

"सरकून नाय भागत. समदं मोकळं लागतं."

"खाली लई चिखल हाये. उभं कुठं राहावं? येऊ तर द्या त्याला."

आणि ते आलं. आधी आवाज, मग लासूरच्या बाजूनं एक ठिपका, मग वाढत वाढत चांगलं डोक्यावर. सभेला आनंद झाला. सगळ्यांनी माना वर केल्या आणि बायकांनी पदर पसरले, कारण हेलिकॉप्टरमधून फुलं टाकतात असं कुणीतरी कुठंतरी बघितलं होतं. बाबा शिट्टी वाजवत पत्र्यांच्या कडेनं पळायला लागले. मी ओरडत होते. मामा हात जोडत होता. मग ते जरा खाली आलं तेव्हा आजोबांनी शब्द पाळला. "सरका रे," ते म्हणाले, "त्याला जागा करा." आणि सगळी सभा खरोखरच सरकली. बसल्या बसल्या, एकमेकांना खेटून, एसटीत सरकतात तशी. मधोमध एक माणूस ऐसपैस बसेल एवढी जागा मोकळी झाली. सगळ्यांनी वर बघितलं. आता येऊ दे.

हेलिकॉप्टर आलं नाही. गिरकी घेऊन लांब गेलं. मामाच्या फोनवर नवरदेवाचे काका आतून ओरडत होते. ते ऐकून मामा बाबांकडे आला.

"भावजी, ते म्हणतात आणखी एक चक्कर मारू. जागा मोकळी नसली तर कांदा मार्केटच्या सिमेंटवर उतरतो आणि गाडीनं येतो. मी म्हणलं चालंल. लग्नाला उशीर नको."

मामाचं बरोबर होतं. त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि नवरदेव कुठेही उतरला तरी लग्न लागणार होतं. बाबांनी मान हलवली. शिट्टी खिशात ठेवली. लाल फडक्याची नीट चौकोनी घडी घातली आणि इस्त्रीच्या कपड्यांसकट चिखलात खाली बसले. तेव्हा मला राग आला नाही, हे मला आठवतं, कारण राग येणार म्हणून मी तोंड उघडलं होतं. फार वाईट वाटलं. भांडारातली ती सगळी वर्षं, दर उन्हाळ्याचं घासणं आणि तेल, आणि शेवटी विमानाची जागा आमच्याच माणसांनी बसायला घेतली.

आई बाबांकडे बघत होती. मग तिनं काकूंच्या खांद्यावर हात टेकला, दुखऱ्या गुडघ्यांवर उभी राहिली आणि शेतात पाणी सोडायला लांबून हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, "चला, पंगत वाढली. गरम बुंदी हाये, पहिल्या पंगतीला बसा."

असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. सभा उठली. पोलीस बंदोबस्त, शिट्टी, विनंत्या ह्यांनी जे झालं नव्हतं ते बुंदीनं एका दमात केलं. आजोबा सगळ्यांच्या पुढे होते. बरीच माणसं अनवाणीच पळाली. तिकडे आचारी नुकता घाणा टाकत होता. त्याच्यावर अख्खं गाव चालून आलं तेव्हा तो झारा घेऊन उभा राहिला, असं मला नंतर कळलं. मामी आईशी अजून त्यावरून धड बोलत नाही.

राहिल्या चपला. वाऱ्यानं उडून त्या वरच्या पात्यात गेल्या असत्या. मामीनं, काकूंनी आणि मी ताडपत्री पसरली, चपलांचा ढीग तिच्यावर लोटला, वर हवालदारांचे बूट टाकले आणि ओढत ओढत मांडवामागे नेलं. कुठली डावी कुठल्या उजवीची हे बघायला वेळ नव्हता. त्या दिवशी आमच्या नातेवाइकांपैकी निम्मे बेजोड चपलांत घरी गेले. माझ्याकडे एक निळी बायकी चप्पल अजून आहे, तिची जोडीदारीण वैजापूरकडे असावी.

तेवढ्यात ते फिरून आलं. रांगोळी सगळी एकदम उडाली आणि आमच्या तोंडांवर बसली. सलवारीचा पाय फाटकन ताठ झाला. मी ताडपत्रीच्या कोपऱ्यावर पालथी पडून डोळे मिटून घेतले. बाबा मात्र पत्र्यांच्या अगदी कडेला, हेलिकॉप्टरवाल्यांनी सांगितलेल्या अंतरापेक्षा बरेच पुढे, उकिडवे बसले होते. त्यांना चाकं टेकताना बघायची होती. सगळं आयुष्य ते ज्याची वाट बघत होते ते आता डोळ्यांसमोर, दहा-वीस हातांवर होणार होतं.

हेलिकॉप्टर टेकलं. पत्र्यांवर भार आला, पत्रे दबले, आणि खालचा सगळा पातळ चिखल भोकाभोकांतून वर उसळला. त्यातला एक चांगला घसघशीत हपका बाबांच्या चष्म्यावर बसला.

मी डोळे उघडले तेव्हा हेलिकॉप्टर पत्र्यांवर उभं होतं. एकही हुक सुटला नव्हता. नवरदेव उतरला, त्याच्या पांढऱ्या शेरवानीवर काळे ठिपके होते, फेटा आधीच मांडवाकडे निघून गेला होता. बँड वाजायला लागला. बाबा शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत होते आणि चिखल दोन्ही काचांवर सारखा पसरत होता.

"टेकली का गं?" त्यांनी मला विचारलं. "कशी टेकली?"

मला सांगता येईना. मी त्यांना म्हटलं, बघा की, उभं आहे ना समोर. नंतर उडताना पण बघा.

"उभं तर कुठंही राहतं," बाबा म्हणाले. "उडतं पण कुठूनही. उतरताना बघायचं होतं."

मी व्हिडिओ शोधायला निघाले. आजकाल शिंक आली तरी तिचा व्हिडिओ निघतो, तर हे कुणीतरी काढलंच असणार. पण पंगतीतल्या लोकांनी वाऱ्याला पाठी केल्या होत्या. ज्यांनी काढले त्यांच्यात नुसतं आभाळ होतं किंवा स्वतःचा अंगठा. लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे ते दृश्य होतं, पण त्यानं सगळा वेळ खिडकीतल्या नवरदेवाच्या तोंडावर कॅमेरा धरला होता आणि चाकांच्या जागी, पुढे पेनड्राइव्ह पोचला तेव्हा, गुलाबाच्या फुलांची चौकट घातलेली निघाली.

परतीच्या ट्रकमध्ये बाबा केबिनमध्ये बसले नाहीत. मागे पत्र्यांवर बसून आले. मुकुंदवाडीला पोचेपर्यंत अंधार पडला होता. काकूंचा पूल आधी टाकला, त्या त्याच्यावरून घरात गेल्या. मग आम्ही हात-पाय धुतले. बाबा ओसरीवर बसले होते आणि आई त्यांना चहा द्यायला गेली.

"मी बघितलं," आई म्हणाली.

बाबांनी वर बघितलं.

"मागची दोन चाकं आधी टेकली. संगंच. मंग पुढचं, हळूच."

"पत्रा हालला?"

"हालंल कसा? जरासा दबला, पाणी वर आलं आणि गप बसला."

"हुक?"

"एक बी हुक उघडला नाय. तुमचं काम हाये ते."

बाबा चहा विसरले. त्यांनी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं आणि तिनं सांगितलं. ह्या बाईनं त्या पत्र्यांबद्दल आजवर एक बरा शब्द काढला नव्हता. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मला तिचा हेवा वाटत होता, कारण अख्ख्या लग्नात तिला एकटीलाच ते दिसलं होतं.

ती कप घेऊन आत आली तेव्हा मी म्हटलं, "बरं झालं तू बघत होतीस. मी डोळेच मिटले होते."

"मी कुठं बघत होते," आई म्हणाली. तिनं नळ सोडला आणि कप धुवायला घेतला. "ते उतरत होतं तवा मी ह्यांच्याकडं बघू राहिले होते. तोंड उघडं टाकून बसले होते बघ. आमच्या लग्नात मला बघितलं तवा बी असं तोंड नव्हतं केलेलं."

"मग चाकं?"

"रोज जेवताना सांगत्यात की. मागची दोन आधी, मंग पुढचं."

ओसरीवरून बाबांची हाक आली. पुढचं चाक सरळ टेकलं होतं का जरा वाकडं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आईनं पदराला हात पुसले आणि ती बाहेर गेली.

"सरळ," मला तिचा आवाज ऐकू आला. "एकदम सरळ."